आफ्रिकी वळणावर गेलेली मधमाशी

"पेटी उघडायच्या आधी केळं खाऊन येऊ नकोस," असं तात्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी जुना अपशकुन. तात्या म्हणजे आमच्या नात्यातले मधपाळ. वीसेक पेट्या, सगळ्या मेलिफेराच्या, ज्यांना आपल्याकडे सरसकट 'इटालियन' म्हणतात. डाळिंबाला बहर आला की पेट्या टेम्पोत घालून बागांवर न्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी एक माशी माझ्या मनगटाला चावलीच. तात्यांनी नखाने खरवडून काटा काढला आणि मनगट माझ्याच नाकाशी नेलं. "घे वास." चक्क पिकल्या केळ्याचा वास!

माशी डंख मारते तेव्हा तिचा काटा कातडीत अडकून राहतो, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून हा वास सुटतो. त्यातलं मुख्य रसायन आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याच्या वासातही तेच असतं. आपल्याला तो फळाचा वास, माशीला ती हाळी: शत्रू इथे आहे, इथेच हाणा. तात्यांनी मनगटावर धूर सोडला. पेटीतून आणखी दोन-तीन माश्या येऊन घिरट्या घालून गेल्या आणि विषय संपला.

हाच प्रसंग ब्राझीलच्या किंवा ॲरिझोनाच्या एखाद्या आडरानात घडला असता तर दोन-तीन नव्हे, काहीशे माश्या आल्या असत्या. वास तोच, विष तेच, आणि जातही तीच, एपिस मेलिफेरा. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'किलर बी' ठेवलं. शास्त्रज्ञ तिला 'आफ्रिकनाइज्ड' म्हणतात. मराठीत 'आफ्रिकीकृत' असा शब्द करता येईल, पण तो सरकारी परिपत्रकातून उतरल्यासारखा वाटतो. मला 'आफ्रिकी वळणावर गेलेली' हे जास्त बरं वाटतं. 'पोरगं बापाच्या वळणावर गेलं' असं आपण म्हणतो ना, अगदी तसं. या माशीच्या बाबतीत तर बापाच्या वळणाचा भाग शब्दशः खरा निघाला आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी एक गैरसमज. या माशीची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगितली जाते की एका शास्त्रज्ञाने दोन जातींचा संकर केला, त्यातून राक्षस निघाला आणि तो प्रयोगशाळेतून पळाला. ऐकायला छान आहे, पण तसं झालेलं नाही. आफ्रिकेतली आणि युरोपातली माशी या एकाच जातीच्या दोन उपजाती. खिलार आणि डांगी ही दोन्ही गोवंशच, पण एकाचं रान वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, अंगातली रगही वेगळी. फरक साधारण त्या प्रकारचा. आणि अमेरिकेत जी माशी पसरली ती आफ्रिका आणि युरोप यांची निम्मी-निम्मी खिचडी नाही. ती बरीचशी आफ्रिकीच राहिली. खरं कोडं इथेच आहे. लाखो युरोपीय माश्यांच्या मध्ये मूठभर आफ्रिकी राण्या पडल्या, तर त्यांचं रक्त पातळ होत होत नाहीसं व्हायला हवं होतं. झालं नेमकं उलट.

कोलंबसाच्या आधी अमेरिकेत एपिस कुळातली मधमाशी नव्हतीच. मेक्सिकोतले माया लोक बिनडंखाच्या माश्या पोकळ ओंडक्यांत पाळत, युकातानमध्ये आजही काही जण पाळतात. (आपल्याकडे भिंतीच्या भोकात राहणारी आणि दाराशी मेणाची बारीक नळी काढणारी काळी चिमुकली माशी तिची लांबची नातलग.) युरोपीय लोक आले, त्यांच्यासोबत त्यांची माशी आली. ब्राझीलमध्ये ती 1839 मध्ये आंतोनियो कार्नेइरो नावाच्या पाद्र्याने आणली. दक्षिण ब्राझीलच्या थंड भागात जर्मन आणि इटालियन वसाहतवाल्यांकडे ती बऱ्यापैकी रुळली, पण उष्ण भागात कुथतच राहिली. तिचा सगळा संसार हिवाळ्याभोवती बेतलेला: उन्हाळ्यात मध साठवायचा, थंडीत एकमेकींना चिकटून गोळा करून बसायचं, वसंतात पुन्हा सुरुवात. जिथे हिवाळाच नाही तिथे हे शहाणपण काय कामाचं?

1956 मध्ये ब्राझील सरकारच्या पाठबळावर वॉरविक एस्तेवाम केर हे तरुण जनुकशास्त्रज्ञ आफ्रिकेला गेले. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळरानांतली स्कुटेलाटा ही उपजाती त्यांना हवी होती. दक्षिण आफ्रिकेतले मधपाळ याच माशीकडून भरघोस मध काढत होते. ती तापट आहे हे केर यांना ठाऊक होतं. त्यांचा बेत साधा होता: आफ्रिकी राण्या आणायच्या, गरीब स्वभावाच्या इटालियन माश्यांशी त्यांचा संकर करायचा, पिढ्यान्पिढ्या निवड करत जायचं आणि उष्ण हवेत टिकणारी, भरपूर मध देणारी, पण शांत माशी तयार करायची. आपल्या पशुपैदास केंद्रांत होतं त्यातलंच काम. दक्षिण आफ्रिकेतून आणि थोड्या टांझानियातून त्यांनी राण्या आणल्या. बऱ्याच प्रवासात आणि नंतर मेल्या. उरलेल्यांना साओ पावलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळच्या मधुबनात, म्हणजे पेट्या मांडून ठेवायच्या जागेत, ठेवलं.

पेट्यांच्या दाराला जाळ्या लावल्या होत्या. या जाळीची फट अशी बेतलेली असते की बारीक चणीची कामकरी माशी सहज ये-जा करते, पण जाडजूड राणी अडकते. राणी आत, म्हणजे थवाही आत, कारण राणीवाचून थवा जाऊच शकत नाही. जाळीचा एक त्रास असतो. पायांवर परागाचे गोळे घेऊन आलेली कामकरी माशी फटीतून घुसताना घासते आणि पराग दारातच सांडतो. 1957 मध्ये असं झालं, की मधुबनात आलेल्या एका मधपाळाला या माश्यांची तारांबळ बघवेना आणि त्याने जाळ्या काढून टाकल्या. दुष्ट हेतू नाही, कट नाही. पाहुण्याने दाराला अडकवलेली साखळी काढून ठेवावी इतकी साधी चूक. ती लक्षात येईपर्यंत 26 वसाहतींतले थवे आपापल्या राण्या घेऊन जवळच्या जंगलात गेले होते.

केर आणि त्यांचे सहकारी सुरुवातीला फार घाबरले नव्हते, आणि त्यांच्या जागी कुणीही घाबरलं नसतं. 26 थवे, भोवती युरोपीय माश्यांचा समुद्र. विरघळतील, असाच हिशोब कुणीही केला असता. तो कुठे चुकला हे समजायला माशीच्या संसारात डोकवावं लागतं.

युरोपीय कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला 21 दिवस घेते, आफ्रिकी साधारण 19. दोन दिवसांचा फरक तो काय, असं वाटेल. पण पोळ्यातली प्रत्येक खोली दोन दिवस लवकर रिकामी होते आणि राणी लगेच त्यात दुसरं अंडं घालते. आफ्रिकी माशीची खोलीही अरुंद, व्यास पावणेपाच ते पाच मिलीमीटरच्या दरम्यान. युरोपीय माशीची सव्वापाचच्या पुढे. म्हणजे त्याच आकाराच्या पोळ्यात खोल्या जास्त आणि प्रत्येक खोलीतला मुक्काम कमी. त्यात युरोपीय माशी मध साठवण्यावर जोर देते, तर आफ्रिकी माशी पराग आणून पिलं वाढवण्यावर. एक कुटुंब मुदत ठेवी करतं, दुसरं हातात पैसा आला की नवीन दुकान टाकतं.

ही दुकानं म्हणजे थवे. वसाहत भरली की जुनी राणी निम्म्या-अधिक माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते आणि मागे नवी राणी गादीवर बसते. युरोपीय वसाहत हे वर्षातून एकदा, फार तर दोनदा करते. आफ्रिकी वसाहत चांगल्या वर्षात अनेकदा करते, आणि तिने टाकलेले थवेही त्याच वर्षी पुन्हा फुटतात. नुसता कागदावरचा हिशोब करा: एका वसाहतीच्या वर्षाला चार झाल्या आणि सगळ्या जगल्या, तर पाच वर्षांत 1024. सगळ्या जगत नाहीत हे उघड आहे. पण 26 पासून सुरुवात झाली होती हेही विसरू नका.

घराच्या बाबतीतही ती चोखंदळ नाही. युरोपीय माशीला झाडाची ऐसपैस ढोली लागते. आफ्रिकी माशी पाण्याच्या मीटरचा खड्डा, जुनं टायर, उलटी पडलेली कुंडी, फांदीखालचा आडोसा, काहीही चालवून घेते. आणि दुष्काळ पडला, फुलं संपली, मुंग्यांनी छळलं की सगळं घरच्या घर सोडून निघून जाते. आपल्याकडे सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी, पाळणाऱ्यांना हे नवीन नाही. सकाळी पेटी उघडावी तर आत नुसतं पोळं. आफ्रिकेच्या माळरानात पाऊस कधी कुठे पडेल आणि फुलं कधी कुठे येतील याचा भरवसा नसतो. तिथे जी माशी बसून राहिली ती संपली. जी उठून पुढे गेली तिचा वंश राहिला.

हे झालं संख्येचं. पण नुसती संख्या पुरली नसती, कारण जंगलात गेलेल्या राण्यांच्या मुलींना लग्नासाठी नर मिळणार होते ते युरोपीयच जास्त. इथे माशीच्या लग्नाची रीत बघायला हवी.

कोवळी राणी उंच हवेत जाते. तिथे आसपासच्या अनेक वसाहतींतले नर जमलेले असतात. ती एकामागून एक दहा-वीस नरांशी मिलन करते, त्यांचं बीज पोटातल्या एका थैलीत साठवते आणि आयुष्यभर तेच पुरवते. म्हणजे एका पेटीतल्या सगळ्या कामकरी माश्या एका आईच्या, पण दहा-वीस बापांच्या. नर मात्र बिनबापाचा. तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, सगळाच्या सगळा आईचा. त्यामुळे आफ्रिकी राणीच्या पोटचा नर शंभर टक्के आफ्रिकी, मग त्या राणीने मिलन कुणाशीही केलेलं असो. आणि आफ्रिकी वसाहती नर भरपूर काढतात. हे नर शेजारच्या युरोपीय पेट्यांत शिरतात, तिथे त्यांना खाऊ-पिऊ घातलं जातं, आणि पाहुणे जास्त झाले की यजमान वसाहत स्वतःचे नर वाढवणं कमी करते! मधपाळाने पैसे मोजून युरोपीय राणी आणावी, आणि त्याच पेटीतून आफ्रिकी नर जेवून लग्नाला निघावेत.

पुढची शर्यत पेटीच्या आतच होते. नवी राणी करायची वेळ येते तेव्हा वसाहत एकाच वेळी बऱ्याच राण्या वाढवते. जी आधी बाहेर पडते ती बाकीच्यांना त्यांच्या बंद खोल्यांतच डंख मारून संपवते. आफ्रिकी बापाच्या मुली थोड्या लवकर तयार होतात. म्हणजे एकाच आईच्या, पण वेगवेगळ्या बापांच्या बहिणींच्या लढाईत आफ्रिकी बापाची पोर बहुतेक वेळा आधी उठते आणि राज्य घेते. ॲरिझोनातल्या तूसॉन इथल्या मधमाशी प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं आहे.

एवढंही कमी म्हणून की काय, उघड दरोडाही आहे. मूठभर माश्यांचा बारीकसा आफ्रिकी थवा, बरोबर एक राणी, युरोपीय पेटीच्या बाहेरच्या बाजूला येऊन चिकटतो. काही दिवस नुसता लटकून राहतो. हळूहळू आत-बाहेर सुरू होते. मग एके दिवशी आतली राणी दिसेनाशी होते आणि बाहेरची राणी आत बसलेली असते. पेटी तीच, मध तोच, मधपाळाला पत्ताही नाही. तात्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "भाडेकरू ठेवला आणि सातबाऱ्यावर त्याचंच नाव लागलं, असं झालं की हे."

बरीच वर्षं शास्त्रज्ञांत वाद होता, की हा विस्तार मुख्यतः नरांच्या संकरातून झाला की आफ्रिकी थवेच स्वतः चालत आले. 1989 च्या सुमारास मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांच्या, डीएनएने त्यावर बराच प्रकाश टाकला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. पसरलेल्या रानटी थव्यांत तो जवळपास सगळा आफ्रिकी निघाला. म्हणजे रिओ क्लारोहून हजारो किलोमीटर दूर सापडलेल्या माशीची आई, आजी, पणजी ही अतूट आफ्रिकी ओळ होती. वाटेत युरोपीय रक्त मिसळलं, पण मिश्र वंशज उष्ण प्रदेशात मागे पडत गेले. अलीकडे ब्राझीलमधल्या माश्यांची पूर्ण जनुकसंहिता वाचली गेली, तेव्हा आफ्रिकी वाटा सरासरी 80 टक्क्यांच्या वर निघाला. म्हणून म्हटलं, ही खिचडी नाही. भातच आहे, थोडी डाळ सांडलेली.

विस्ताराचा वेग वर्षाला 300 ते 500 किलोमीटर. 1982 मध्ये पनामा. 1986 मध्ये मेक्सिकोचं दक्षिण टोक. मेक्सिको आणि अमेरिकेने मिळून मेक्सिकोच्या चिंचोळ्या पट्ट्यात पिंजरे लावून थवे मारायची मोहीम काढली. त्याने वाट थोडी लांबली, अडली नाही. 15 ऑक्टोबर 1990 ला टेक्सासमधल्या हिडाल्गो गावाजवळ लावलेल्या पिंजऱ्यात पहिला थवा सापडला. 1993 मध्ये ॲरिझोना, 1994 मध्ये कॅलिफोर्निया. तेहतीस वर्षांत ब्राझीलच्या एका मधुबनातून टेक्सासपर्यंत, आणि तेही एका वेळी फार तर काही किलोमीटर उडणाऱ्या कीटकाने.

आता स्वभावाकडे येऊ, कारण नाव पडलं ते त्यावरून.

तापटपणा मोजायचा कसा? व्हेनेझुएलात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली चाचणी बघण्यासारखी आहे. पेटीच्या दारासमोर काळ्या मऊ चामड्याचा छोटा तुकडा लोंबकळवायचा आणि हलवायचा. अर्ध्या मिनिटाने काढून त्यात अडकलेले काटे मोजायचे. प्रत्येक काटा म्हणजे एक मेलेली माशी, कारण काट्यासोबत तिच्या पोटाचा भागही तुटून येतो. आफ्रिकी वसाहतींच्या चामड्यात युरोपीय वसाहतींपेक्षा आठपटीहून थोडे जास्त काटे निघाले. धोक्याच्या वासाला त्यांचं उत्तरही किती तरी लवकर आलं. सगळा फरक या उंबरठ्याचा आहे. तात्यांच्या पेटीत हाळी ऐकून दहा जणी दारात येतात आणि दोन पुढे होतात. तिथे शेकडो येतात आणि शेकडो पुढे होतात. प्रत्येक जण काटा सोडते, प्रत्येक काटा पुन्हा तोच वास सोडतो, आणि हाळी वाढतच जाते. गवत कापायच्या यंत्राची घरघर, ट्रॅक्टरची थरथर एवढंही निमित्त पुरतं. पाठलाग शेकडो मीटर. साधी माशी थोड्या अंतरावरून माघारी फिरते.

विष मात्र जहाल नाही. एका आफ्रिकी माशीच्या पिशवीत युरोपीय माशीपेक्षा किंचित कमीच विष भरतं. ॲलर्जी नसलेल्या धडधाकट माणसाला जिवावर बेतायला साधारण हजाराच्या आसपास डंख लागतात; लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून बरेच कमी. मृत्यू झालेत, ते मुख्यतः पळू न शकलेल्यांचे: वृद्ध, पडलेली माणसं, दाव्याला बांधलेली जनावरं. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. मग आपल्या परसातली एक माशीही पुरते, त्यासाठी ब्राझीलला जावं लागत नाही.

इथे जरा आपल्याकडचं बोलतो. दर उन्हाळ्यात एखाद्या किल्ल्यावर आग्या मोहोळ उठतं, माणसं जखमी होतात आणि व्हॉट्सॲपवर 'आफ्रिकन किलर बी महाराष्ट्रात' असा संदेश फिरू लागतो. ती माशी आग्या, एपिस डॉर्साटा, संपूर्ण वेगळी जात, इथलीच, कड्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांखाली उघड्यावर पोळं बांधणारी. आफ्रिकी माशीशी तिचा संबंध नाही. पण जीव वाचवायची रीत दोघींना सारखीच लागू पडते. तोंड कपड्याने झाका, वाट दिसेल एवढे डोळे उघडे ठेवा आणि गाडी किंवा बंद खोली मिळेपर्यंत थांबू नका. हात झटकत उभं राहणं म्हणजे चामड्याचा तुकडा होऊन लोंबकळणं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत फिरतात. नंतर काटे जितके लवकर निघतील तितके काढा. नखाने, चिमट्याने, कशानेही. सुटलेला काटाही थोडा वेळ विष ढकलत राहतो, तेव्हा पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची.

एवढा राग आला कुठून? युरोपातल्या मधमाशीचा सगळ्यात मोठा शत्रू हिवाळा, आणि हिवाळ्याला डंख मारून उपयोग नसतो. शिवाय तिथल्या माणसांनी शतकानुशतकं माश्या पाळल्या आणि त्यात गरीब वसाहती राखल्या. आफ्रिकेत मध खाणारा बिज्जू पोळं फाडतो, मुंग्यांच्या फौजा येतात, आणि माणूस तर हजारो वर्षं धूर आणि कुऱ्हाड घेऊन मोहोळं लुटत आला आहे. लुटणाऱ्याला गरीब स्वभावाची पोळी सोपी. उरली ती तिखट.

हिवाळा हाच तिला अडवणारा खांबही ठरला. थंडीत घट्ट गोळा करून महिनोन्महिने तग धरायची कला तिला नीट साधत नाही, साठाही पुरत नाही. दक्षिणेकडे अर्जेंटिनात 32 ते 34 अंश अक्षांशांच्या आसपास तिचं राज्य संपतं. त्याखाली मिश्र पट्टा आणि मग युरोपीय माश्या. उत्तरेकडे अमेरिकेच्या कोरड्या, उबदार नैर्ऋत्येत ती ठाण मांडून बसली. जास्त पावसाच्या पूर्वेकडे बरीच वर्षं सरकली नाही, म्हणून थंडीइतकाच पाऊसही तिला रोखतो असं काही अभ्यासकांना वाटतं.

आणि ब्राझील? सुरुवातीची वर्षं वाईट गेली. मधपाळांनी धंदा सोडला, वर्तमानपत्रांनी 'खुनी माश्या' छापल्या. 1964 नंतर लष्करी राजवट आली, तिच्यावर उघड टीका करणाऱ्या केर यांना अटक झाली, आणि माश्यांची बदनामी त्यांच्या बदनामीसाठी वापरली गेली असं त्यांच्या बाजूचे लोक सांगत. केर मात्र कामाला लागले होते: इटालियन राण्या वाढवून वाटणं, मधपाळांना शिकवणं. धंद्याची रीतच बदलली. पेट्या घरांपासून आणि गोठ्यांपासून लांब गेल्या. प्रत्येक पेटीला वेगळं स्टँड आलं, म्हणजे एकीला हात लावला की शेजारचीला हादरा बसू नये. धुराचे डबे मोठे झाले, पोशाख जाड झाले. ईशान्येच्या पियाउई राज्यात, काटेरी दुष्काळी रानात, जिथे युरोपीय माशीचं काही खरं नव्हतं, तिथे ही माशी गरीब शेतकऱ्यांचा जोडधंदा होऊन बसली.

त्यात एक लॉटरी लागली, वरोआ नावाच्या तांबड्या गोचीडवजा किड्याची. हा किडा मुळात आशियातल्या आपल्या सातेरीच्या जातीचा पाहुणा, तिच्याशी जुळवून घेतलेला. गेल्या शतकात तो मेलिफेरावर चढला आणि युरोप-अमेरिकेतल्या पेट्या त्याने उजाड केल्या. तिथले मधपाळ औषधांवर औषधं घालतात. आफ्रिकी वळणाच्या माश्या मात्र तो बऱ्यापैकी झेलतात: अंग साफ करतात, बाधलेली पिलं बाहेर टाकतात, आणि त्यांची पिलं लवकर तयार होत असल्याने किड्याला वाढायला मुदत कमी मिळते. औषध नको, म्हणून मध सेंद्रिय, म्हणून परदेशात भाव चांगला. आज ब्राझीलच्या मधपाळाला इटालियन माशी फुकट देऊ केली तरी तो बहुधा नको म्हणेल. केर 2018 मध्ये वारले. त्यांचा प्रयोग फसला की साधला, याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर आहे.

पोर्तो रिको बेटावरचा प्रकार मात्र त्यांनी मनात धरलेल्या माशीच्या सगळ्यात जवळ जातो. तिथे 1994 मध्ये ही माशी पोचली. छोटं बेट, दाट वस्ती, मोठे शिकारी प्राणी नाहीत, आणि तापट मोहोळ दिसलं की लोक ते मारून टाकायचे. दोन दशकांच्या आत तिथली माशी शांत झाली. वंश बहुतांशी आफ्रिकीच, वरोआ झेलण्याची ताकद तशीच, डंख मात्र युरोपीय माशीइतकेच. प्रयोगशाळेत जी निवड करायची राहिली ती एका बेटावरच्या लोकांनी झाडू आणि साबणाच्या पाण्याने, नकळत, करून टाकली.

आता बापाच्या वळणाचं राहिलं. मेक्सिकोत उलटसुलट संकर करून पाहिले गेले: एकीकडे आफ्रिकी आई आणि युरोपीय बाप, दुसरीकडे युरोपीय आई आणि आफ्रिकी बाप. दोन्हीकडे रक्त निम्मं-निम्मं, तरीही आफ्रिकी बापाच्या मुली जास्त चावऱ्या निघाल्या. म्हणून टेक्सास-ॲरिझोनातला मधपाळ आपल्या राणीला मोकळ्या हवेत लग्नाला पाठवायला भितो. तो पाठीवर रंगाचा ठिपका लावलेली, दूरच्या भागात मिलन झालेली राणी विकत आणतो, म्हणजे पेटी उघडल्यावर ठिपका दिसला की समजायचं, राज्य अजून आपलंच आहे.

तात्यांकडेही एक तापट पेटी होती, पलीकडच्या बांधावरची. आफ्रिकेशी तिचा काही संबंध नाही, असतात अशा. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी तिच्यातली राणी शोधून काढली, चिमटीत धरून मारली आणि दुसऱ्या दिवशी शांत पेटीतल्या राणीची मुलगी छोट्या पिंजऱ्यात घालून आत ठेवली. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही, कारण आत सगळ्या जुन्या बापांच्याच मुली. मग त्या एकेक करून मरत गेल्या, खोल्यांतून नव्या निघत गेल्या. दिवाळीत मी गेलो तेव्हा तात्यांनी ती पेटी हातमोजे न घालता उघडली. मला मात्र विचारलं, "केळं खाल्लं नाहीस ना?"